मोटारीची मागची बाजू

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी बरोब्बर सव्वासात वाजता ती काळतोंडी मोटार दारात आली आणि तिथनं सुरू झालं बघा सगळं, नाहीतर मी कशाला आज पंचगंगेच्या या दगडावर येऊन तुमची धुणी सरकवत बसले असते?… सरका की गं जरा, आणि ते पिळे इकडं झटकू नका, पोर मांडीवर आहे माझं, छातीत घरघर आहे त्याच्या… वेळ एवढी पक्की कशी ठाऊक म्हणता? अहो, मुहूर्तच सव्वासातचा काढलेला! मालक सोप्यातल्या घड्याळाखाली उभे, एक डोळा काट्यावर, एक डोळा रस्त्यावर. दोन डोळे दोन दिशांना लावल्यावर माणूस कसा दिसतो ते मी सांगत नाही, त्यांचं मीठ खाल्लंय.

मालक म्हणजे गणपतराव, शाहूपुरीतले गुळाचे मोठे व्यापारी. आमचे हे आधी त्यांची बग्गी हाकायचे. मग मालकांना मोटारीचं याड लागलं, तसं यांना मोटार शिकायला घातलं, खाकी कोट दिला, आणि वखारीच्या मागची एक खोली दिली. खोली म्हणजे काय, गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, ठेवून उरलेली जागा! भिंतीला हात लावला की हात चिकटायचा, मुंगळे आमच्या आधी जेवायचे. पण वर कौलं होती, बायांनो! मी, हे, माझी सासू ताजबी आणि हा माझा गैबी, तान्हा, अजून मान नीट धरत नव्हता. नोकरी आहे तोवर खोली, आणि खोली आहे तोवर पोराच्या छातीला ऊब. थंडीच्या तोंडाला आणखी काय लागतं माणसाला? एवढं कळायला शाळा लागत नाही. आणि शाळा म्हणाल तर मी सातवी झालेय! हसताय काय? महाराजांच्या राज्यात पोरींनाही शाळा आहे म्हणून माझ्या बापानं, पुस्तकांच्या जिल्दी बांधणाऱ्या गरीब माणसानं, मला हौसेनं शिकवली. त्या शिक्षणाचा मी काय उजेड पाडला ते ऐका, म्हणजे तुमच्या पोरींना कितवीपर्यंत ठेवायचं ते तुम्हाला ठरवता येईल.

तर मोटार. ती मुंबईहून आगगाडीच्या उघड्या डब्यातनं आलेली, गवतात गुंडाळून, धुरानं आणि डांबरानं बरबटून. ठेसनापाशी ते नवं मोटारीचं दुकान निघालंय ना, त्याचा मालक आण्णा. तोंडात सदा विडा, बोलणं असं की लोण्यानं लाजावं. आण्णा आमच्या मालकांना म्हणाला, "मालक, तुम्ही काळजीच करू नगासा. धुऊन, पुसून, न्हाऊ घालून, नवरीगत नटवून धाडतो की तुमच्या दारात! आणि हे धुणं माझ्याकडनं फुकट!" झालं! फुकट म्हटलं की आमचे मालक खरूजसुद्धा घरी घेऊन येतील.

आली मोटार. हे चालवत आले, अंगात खाकी कोट, छाती अशी फुगलेली की बटणं रडत होती. आणि मोटार? काय सांगू! आरसा! पेठेतल्या बायका तिच्या दारात बघून कुंकू सारखं करायला लागल्या. दिव्यांना झेंडूच्या माळा, आणि पुढं, नाकाच्या जागी, कवड्यांचा पट्टा! मालक हरखले. "बघा की! आण्णानं कवड्या बी बांधल्यात्या!" आता कुणी एकानं तरी विचारावं की नाही? पाडव्याच्या दिवशी कोल्हापुरात कवड्यांचा पट्टा कुणाच्या गळ्यात असतो?… तुम्हाला कळलं, हसलात! तिथं शंभर माणूस उभा होता, एकाला कळलं नाही. आणि मला नुसता वास येत होता. करंजेलाचा, करंजाच्या तेलाचा. उग्र! मी सासूला हळूच म्हटलं, "कसला हो हा वास?" तर म्हातारी म्हणते कशी, "गप गं! नव्या मोटारीला असाच वास असतोय!" हिनं जन्मात किती नव्या मोटारी हुंगल्या होत्या ते अल्लालाच ठाऊक.

नारळ फुटला, मालकीणबाईंनी मोटारीला ओवाळलं. मी आपली गैबीला छातीशी घेऊन पुढं झाले, म्हटलं पोराचा हात लागू दे, शकुनाचा. तर मालकीणबाई अशा किंचाळल्या, "मागं हो! नखं लागतील त्याची! चरा पडंल!" नखं! या एवढ्याशा पोराची! त्या नखांनी त्यानं आदल्या दिवशी आपलाच गाल ओरबाडून घेतला होता, तो बघून म्हणतात, "बघ, गालाची काय दशा केलीया. लेकराचं कातडं भरून येतंय गं, मोटारीचं भरत न्हाई." मी मागं झाले. अजून मागंच आहे.

मग मालकांनी पेठेतनं फेऱ्या मारायला लावल्या. भोंगा वाजवत, गुळाच्या गाड्यांमधनं, बैल बुजवत, पुन्हा वळून, पुन्हा भोंगा! ज्याच्याशी बोलणं नाही त्याच्या दारावरनं तर तीन-तीनदा. आणि धूळ! दुपारपर्यंत मोटारीवर धूळ अशी चिकटली की काळी मोटार भस्म फासलेल्या गोसाव्यागत दिसायला लागली. मालक म्हणाले, "नबीलाल, पूस." यांनी मऊ फडकं घेतलं, माझ्या जुन्या लुगड्याचं. पुसलं. धूळ गेली, धुळीबरोबर तेल गेलं, आणि तेलाखालनं… या खुदा! चरे! जिथं बघावं तिथं चरे! गोल-गोल, कढईच्या बुडाला असतात तसे, एकात एक, आणि दारावर एक लांबलचक, सरळ, वस्तऱ्यानं ओढल्यासारखा!

हे तसेच उभे. हातातलं फडकं गळालं. मालक आले, वाकले, बोट फिरवलं, चष्मा काढला, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मग ओरडले. बायांनो, गुळाचा व्यापारी आहे म्हणून गोड ओरडला असेल असं समजू नका. "नब्या! कुठं घातलीस मोटार?"

"कुठं न्हाई मालक, तुम्हीच मागं बसलेलासा."

"मी उतरल्यावर कुठं नेलीस?"

आता इथं गप्प बसावं की नाही माणसानं? पण आमच्या यांना खरं बोलायचा रोग आहे, जन्मापासनं, औषध नाही. म्हणाले, "इंजिन तापलं हुतं मालक. पाणी घालायला तळ्याकडं नेलती. बाभळीखाली, सावलीला…"

"बाभळीखाली!" झालं, शंभर माणूस एका तोंडानं म्हणाला, बाभळीखाली! काट्यात घातली! कुणी म्हणालं काट्यात, कुणी म्हणालं कुंपणात, आणि एक शहाणा तर शपथेवर सांगायला लागला की त्यानं ही मोटार कोडोलीच्या रस्त्याला बघितली, आत मी बसलेली, माहेरी निघालेली, मांडीवर पोर! अहो, माझं माहेर या गंगावेशीत! कोडोलीला माझं कुत्रंसुद्धा ओळखीचं नाही! आणि त्या मोटारीत मी आजच्या घटकेपर्यंत बसलेली नाही, पोराचं एक बोट तिला लागलेलं नाही!

मालक म्हणाले, "उद्या कुरुंदवाडचं पावणं येणार हायत पोरीला बघायला. ते गेलं की खोली मोकळी कर."

म्हणजे भाऊबीजेच्या संध्याकाळी आम्ही रस्त्यावर. गैबी खोकायला लागला. मोटारीला चरे पडले तर पेठ गोळा झाली, वाण्यानं दुकान बंद केलं, मालकीणबाईंनी पदर डोळ्याला लावला. पोर खोकायला लागलं तर एक बाई म्हणाली, "तिकडं ने गं त्याला, ऐकायला येत न्हाई."

आण्णाला बोलावणं गेलं. आला. विडा चघळत, मोटारीभोवती एक प्रदक्षिणा घालून, मान तिरकी करून म्हणतो, "कुठं हायत चरे? ही तर उन्हाची चमक!" मालकांनी त्याचं बोट धरून चऱ्यावर ठेवलं. मग म्हणतो, "हां, हे व्हय? हे चरे न्हवंत मालक. नव्या मोटारीच्या अंगावर असल्या रेघा असत्यातच. बाळंतिणीच्या पोटावर न्हाईत का? तशा. त्याला कोण काय करणार?" आणि माझ्याकडं बघितलं मेल्यानं! शंभर माणसांत! मी पोर पोटाशी धरलं, आणखी काय करणार?

हे धीर करून म्हणाले, "आण्णा, तुमच्याकडं धुताना तर पडलं नसतील?"

आण्णा असा हसला! अंगावरनं मोरपीस फिरवल्यागत, दोन्ही हात पसरून… "नबीलाल, धुण्यानं का कुठं नुकसान हुतंय?"

हे वाक्य, बायांनो, हे! तुम्ही रोज इथं धुताय, तुम्हालाही पटलं की नाही? पटलं! तिथंही सगळ्यांना पटलं. धुण्यानं का कुठं नुकसान हुतंय! वाणी म्हणाला, भटजी म्हणाले, माझी सासू, सख्ख्या लेकाची भाकरी चाललेली, तीसुद्धा मान डोलावून म्हणाली, "बात तर खरी हाय." आण्णा पुढं म्हणाला, "मी दिली तवा आरशागत हुती, साऱ्या पेठेनं बघितलीया. माझ्या दुकानात जीव लावून धुतलीया. आता तुमच्या डायवरनं कुणाच्या काट्याकुट्यात घातली ते त्याला इचारा." आणि गेला, जाताना पूजेतला पेढा उचलून.

आता प्रश्न पडला पाहुण्यांचा. कुरुंदवाडचे ते मोठे जमीनदार, मोटार बघूनच होकार देणार असं मालकांचं गणित. मोटारीवर चरे दिसले तर? तेव्हा मालकीणबाईंना अक्कल सुचली. मला म्हणाल्या, "तुझ्या पोराचं काजळ आण." मला वाटलं मोटारीला तीट लावायचीय. तीट कसली! चऱ्यात काजळ भरायचं! एक-एक चऱ्यात, बोटानं, तुपाचा हात लावून! काळ्यात काळं, कळणार कुणाला? बसले की मी. पोर खोलीत सासूपाशी रडतंय, आणि मी मोटारीला काजळ घालतेय. गैबीची डबी संपली, मग मी एरंडेलाच्या दिव्यावर तवा धरून आणखी काजळ पाडलं. मालकीणबाई वरनं बघत होत्या, "तिथं राहिला… तिथं… अगं डोळं फुटलं काय तुझं? सातवी शिकलीस न्हवं?" माझं मलाच वाटायला लागलं की ही मोटारच माझ्या पोटची आणि तो खोलीतला कुणाचा तरी.

भाऊबीजेला पाहुणे आले. पांढरंशुभ्र धोतर, पांढरा अंगरखा, पांढरं उपरणं, पांढऱ्या मिशा. कुरुंदवाडातला सगळा चुना त्यांनीच संपवलेला! मालक त्यांना घेऊन मोटारीपाशी गेले, "बघा की पावणं, हात लावून बघा, परकं कशाला समजताय!" आणि पाहुण्यांनी हात लावला. नुसता हात नाही, टेकले! एक कोपर मोटारीवर, एक हात मिशीवर, फोटो काढून घेतल्यागत उभे राहिले. मी वखारीच्या दाराआडनं बघत होते. मग पाहुण्यांनी घाम पुसला. तोंडावरनं हात फिरवला. मिशीला पीळ दिला. दुसऱ्या मिशीला पीळ दिला…

मी सांगत नाही काय दिसत होतं ते. पांढऱ्या मांजरानं चुलीत तोंड घातलेलं बघितलंय का कधी? कुणी हसेना, कुणी सांगेना. शेवटी त्यांच्याच बरोबरच्या म्हातारीनं पदर तोंडाला लावून खूण केली. पाहुण्यांनी आपले हात बघितले, अंगरखा बघितला, मग मोटारीवर एक बोट ओढलं. काजळ निघालं. चरा उघडा पडला. पाहुणे मालकांकडं वळून इतक्या शांतपणे म्हणाले, तुम्हाला सांगते, इतक्या शांतपणे, "गणपतराव, मोटारीच्या चऱ्यात काजळ भरलंसा. पोरगीच्या कशाकशात काय-काय भरून आणणार हुता आमच्यापुढं?"

आणि निघाले. पोहे तसेच राहिले. आत पोरगी नटून बसलेली, ती तशीच बसली. तिचं काय चुकलं हो? तिच्या अंगावर एक चरा नव्हता बिचारीच्या. पण आता सगळ्या कुरुंदवाडात झालंच ना, की शाहूपुरीतली पोरगी बुजवलेली आहे!

मालक वखारीकडं आले ते काठी घेऊनच. यांच्या पाठीत दोन बसल्या. "सकाळी मला तुमच्यातला एक बी इथं दिसता कामा नये," मालक म्हणाले. सासूनं कपाळ बडवून घेतलं, आणि कुणाच्या नावानं? माझ्या! "शिकलेली सून आणली, तिनं मोटारीला काजळ घातलं!" अगं बाई, मी घातलं? मला घालायला लावलं! पण सांगता कुणाला?

मी उठले आणि मोटारीपाशी जाऊन उभी राहिले. हात न लावता. म्हटलं, बाई, तूच सांग आता, तुला कुणी ओरबाडलं? आणि मागं गेले, काजळ घालताना मालकीणबाईंनी मला पुढनं आणि कुशीलाच फिरवलं होतं, तर काय बघते? मागची बाजू स्वच्छ! एक चरा नाही! अगदी आरसा, माझं रडकं तोंड त्यात दिसलं. म्हटलं, ही कुठली बाभळ, जी पुढनं आणि दोन्ही कुशीत ओरबाडते आणि मागं अदबीनं थांबते? पुढच्या पितळी दिव्याच्या खाचेत काहीतरी अडकलेलं, ओढून काढलं. काथ्या! नारळाच्या शेंडीचा काथ्या! आणि त्या काथ्याला वास… करंजेल!

कोल्हापुरात पाडव्याला काथ्या, करंजेल आणि कवड्यांचा पट्टा कुणाला लागतो, हे सांगायला सातवी कशाला, बालवर्गसुद्धा लागत नाही. मी तशीच पोर घेऊन पळाले, ठेसनापासच्या पिराजी गवळ्याच्या गोठ्यावर. पाडव्याला मिरवलेल्या त्याच्या म्हशी अजून नटून उभ्या, शिंगं रंगवलेली, अंगं झळाळतायत, आणि एकीचा गळा मोकळा! तिचा पट्टा कुठाय विचारलं, तर पिराजी छाती काढून म्हणाला, "मोटारीला दिला की! आण्णाच्या दुकानात दूध घालतो न्हवं मी. आण्णा म्हणला, पिराजी, तुझ्या म्हशी कशा काळ्याभोर चमकत्यात, तशी माझी मोटार चमकव. म्हणलं, चमकवतो की! काळं जनावर कसं चमकतं ते माझ्याबिगर कुणाला ठावं हाय? इटकरीचा चुरा घेतला, काथ्या घेतला, मुठीत धरून असं गोल-गोल घासलं. दारावर रेल्वेचं डांबर हुतं, ते वस्तऱ्यानं भादरलं, म्हशीचं केस भादरतो तसं. मग करंजेल. आगा, काय चमकली! लाथ बी मारली न्हाई!"

"आणि मागची बाजू?"

"मागनं भिंतीला टेकून उभी हुती. म्हैस आसती तर ढकलली आसती. ही हलंना. ऱ्हायली. तिथं दुकानातल्या पोरानं नुसतं ओलं फडकं मारलं."

मी त्याला हाताला धरून आणलं. तो बिचारा आनंदानं आला, त्याला वाटलं मालक फेटा बांधणार! मालकांच्या दारात पुन्हा पेठ गोळा. आण्णाला पुन्हा बोलावणं. पिराजीनं सगळं तसंच्या तसं सांगितलं, इटकर, काथ्या, वस्तरा, करंजेल, हातवारे करून. आणि मी, पदर सावरून, आयुष्यात पहिल्यांदा मालकांपुढं तोंड उघडलं. म्हटलं, मालक, बाभळीचे चरे आडवेतिडवे असतात, गोल नसतात. हे काथ्याचे आहेत.

आण्णानं विडा एका गालातनं दुसऱ्या गालात नेला. हसला. "मालक, पिराजीनं हात फिरवला आसंल. पर त्यानं चरा कसा पडंल? ह्याच्या म्हशीला पडतोय का? धुण्यानं का कुठं नुकसान हुतंय?"

आणि पेठ पुन्हा म्हणाली, व्हय की, धुण्यानं का कुठं नुकसान हुतंय!

बायांनो, माझं डोकं फिरलं. यांच्या पाठीवर वळ, छातीशी पोर खोकतंय, सकाळी रस्ता, आणि हा मेला तेच एक वाक्य घेऊन बसलाय! मी म्हटलं, आणि हे माझ्यातली सातवी बोलली बरं का, आमच्या मास्तरणीबाई सांगायच्या की कुठलीही गोष्ट खरी का खोटी, ती करून बघितल्याशिवाय मानू नये… मी म्हटलं, "मग धुऊन दाखवा! आत्ता! सगळ्यांसमोर! मागची बाजू स्वच्छ आहे, तिथं घासू दे पिराजीला, तसंच, त्याच काथ्यानं! चरा नाही पडला तर आम्ही निघतो. पडला तर माझा माणूस निर्दोष!"

वाणी म्हणाला, "बरूबर हाय." भटजी म्हणाले, "न्याय आहे." आण्णाचा विडा थांबला. मालक म्हणाले, "घास रं पिराजी."

आणि पिराजीनं घासलं! बाह्या सरकवून, गुडघा टेकून, इटकरीचा चुरा ओंजळीनं घेऊन, तोंडानं "हुर्र… हुर्र…" करत, म्हैस बुजू नये म्हणून करतात तसं. सगळी पेठ वाकलेली. घासलं, पाणी मारलं, हात बाजूला केला…

गोल-गोल! एकात एक! अगदी तसेच! पुढच्या चऱ्यांचे जुळे भाऊ! "पडलं की!" असा गलका झाला, कुणीतरी यांच्या पाठीवर थाप मारली, नेमकी वळांवर, सासूनं माझी अलाबला घेतली, बोटं मोडली, म्हणाली, "माझी सून! सातवी शिकलीया!" आण्णा गर्दीतनं मागच्या मागं सरकला. मी जिंकले, बायांनो! मी गैबीचा मुका घेतला. तेवढाच काय तो वेळ, मुका घ्यायला लागतो तेवढा.

मग मालक बोलले. हळूच. "म्हंजे… माझ्या मोटारीची एकच बाजू धड ऱ्हायली हुती."

मालकांनी त्या नव्या चऱ्यावर बोट फिरवलं.

"ती बी गेली."

पिराजी काथ्या मागं लपवून उभा.

"कुणाच्या सांगण्यावरनं?"

आणि शंभर माणसांनी, ज्यांना आत्ता न्याय दिसला होता त्या शंभर माणसांनी, वाण्यानं, भटजीनं, माझ्या सासूनं, एकदम बोटं केली… कुणाकडं, ते सांगायला नको.

यांनी मोटारीला चरे पाडले नाहीत हे साऱ्या पेठेत सिद्ध झालं, आणि अंधार पडायच्या आत आमची बोचकी रस्त्यावर आली. मालकीणबाई तेवढ्या दयाळू, गुळाची एक ढेप हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "काजळाची डबी इथंच ऱ्हाऊ दे गं, लागंल." आण्णाला काय झालं? काय होणार! दुसऱ्या दिवशी येऊन मालकांना म्हणाला, "आता बघा, चारी बाजू एकसारख्या दिसत्यात, आधी मागची उगंच उठून दिसत हुती," आणि आपलाच भाचा डायवर म्हणून चिकटवून गेला. त्या भाच्यानं परवा मोटार वखारीच्या दगडी खांबाला घासली, सगळं दार आत गेलं. मालक काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, "ऱ्हाऊ दे, आधीच चरं हायत."

आम्ही कुठं राहतो? पिराजीच्या गोठ्यात. एवढ्या शंभर माणसांत जागा त्यानंच दिली, ते खरंय. भिंत नाही, कुडाची ताटी आहे, पहाटे गारवा आत येतो आणि पोराच्या छातीत जाऊन बसतो. पण म्हशींच्या अंगाची ऊब असते, नाही म्हणू नये. आणि यांना काम दिलंय, म्हशी धुवायचं. ते बघा, खालच्या अंगाला पाण्यात उभे आहेत, खाकी कोट घालून, तोच उरलाय अंगात घालायला. बघा की कसे धुतायत… मऊ फडकं घेतलंय, माझ्या लुगड्याचं, आणि हलक्या हातानं, वरनं खाली, वरनं खाली… म्हशीवरचं शेण तसंच! आणि तो काठावरनं ओरडतोय तो पिराजी. ऐका, ऐका…

"आरं नबीलाल! म्हैस हाय ती! काथ्यानं घास की!"

आणि हे काय म्हणतायत? रोज तेच म्हणतात, "नगं पिराजीदादा, चरा पडंल!"

हसा! मीही हसते आता. चला, उन्हं चढली, पोराला सावलीला नेते. पण एवढं करा बायांनो, गावात जाल तिथं, पाण्यावर, जात्यावर, एकमेकींना सांगा: जिचा नवरा दुसऱ्याची मोटार हाकतो तिला सांगा, मोटार दुकानातनं आणायची तर धुळीसकट आण म्हणावं, डांबरासकट आण, फुकटचं धुऊन घेऊ नको. आणि खरं कोण, खोटं कोण, हे ठरवायची वेळ आलीच, तर खुशाल ठरव, फक्त मालकाच्या चांगल्या बाजूवर ठरवू नको. माझं नाव घालून सांगितलंत तरी चालेल. नावाला आता चरा पडायला जागा कुठाय?